प्रकरण अभ्यास : अर्धांगवायू, घरातला एकच मोबाईल आणि आमचा ग्रुप

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात गेली चौदा वर्षं माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. सकाळी क्लिनिक, दुपारनंतर स्कूटीवरून आसपासच्या गावांत घरोघरी. आमच्याकडे स्ट्रोक कुणी म्हणत नाही, ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत घरी जाणं थांबलं, तेव्हा व्यायामाचे व्हिडिओ पाठवता यावेत म्हणून मी अकरा पेशंटांच्या घरच्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला. टाळेबंदी उठली, ग्रुप राहिला. हळूहळू माझे व्हिडिओ मागं पडले आणि लोक एकमेकांनाच विचारू लागले. हे प्रकरण त्याच ग्रुपमधलं, तिसऱ्या वर्षीचं. तोवर आम्ही साठाच्या वर गेलो होतो. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या दोघांना विचारून लिहितेय. गावाचं नाव देत नाही, एकदोन तपशील बदललेत. त्यांना मी काका-काकूच म्हणते, इथंही तसंच म्हणेन.

पेशंट

काका सत्तावन्न वर्षांचे, गलाईवाले. आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते : गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून पिढ्यान्‌पिढ्या या धंद्यात देशभर पांगली. कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारात मागच्या गल्लीत शिरा, भट्टीपाशी विट्याकडचा माणूस भेटायची शक्यता बरीच. काकांचं दुकान कोईमतूरला होतं. तीस वर्षं मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, आणि चिमटा हातात धरून, दुकान मुलाकडं सोपवून ते गावी आले होते. ब्लड प्रेशरची गोळी चालू होती, म्हणजे आठवण झाली की घ्यायची.

एके दिवशी पहाटे साडेपाचला काकूंना जाग आली तर काका कॉटच्या कडेला तिरके पडलेले. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद. १०८ बोलावली. मिरजेच्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेआठ. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे काकूंनी कुठंतरी ऐकलं होतं, आणि तीनच तास झालेत म्हणून त्यांना आशा होती. पण झोपेत झटका आला तर वेळ जाग आल्यापासून मोजत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून मोजतात. काका रात्री दहाला झोपले होते. अशा काही पेशंटांना एमआरआय बघून नंतरही इंजेक्शन देता येतं, पण काकांच्या स्कॅनमध्ये मेंदूचा मोठा भाग आधीच गेलेला दिसत होता. डॉक्टरांनी हे समजावलं असणार. काकूंच्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं की शेजारी झोपून आपल्याला कळलं नाही.

डाव्या मेंदूची मधली रक्तवाहिनी बंद झाली होती, त्यामुळं उजव्या अंगासोबत वाचाही गेली. हे वाचा जाणं घरच्यांना समजावताना माझी दरवेळी दमछाक होते. १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरनं एक पेशंट दाखवला होता. त्याला बोललेलं कळायचं, पण तोंडातून फक्त ‘टॅन’ एवढंच यायचं. मेंदूच्या डाव्या बाजूला पुढं, जिथं त्याला इजा झाली होती, त्या जागेला आज ब्रोकाचंच नाव आहे. काकांचं तसंच. समजतं जवळजवळ सगळं, शब्द निघत नाही. गंमत अशी की तोंडपाठ असलेलं निघतं, कारण ते वेगळ्या वाटेनं येतं. ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, पण ‘रामकृष्णहरी’ अख्खं यायचं. एक ते वीस आकडे सलग यायचे. आणि शिव्या अगदी स्वच्छ. काकू वैतागायच्या, ‘शिव्या येत्यात, मग पाणी का येत न्हाई? नाटकं करत्यात मॅडम.’ दुसऱ्या बाजूला घरातले बाकीचे लोक काकांसमोर काकांबद्दल असं बोलायचे, जणू खोलीत कुणी नाहीच. बोलता येत नाही म्हणजे कळतही नाही, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं. मीही त्यांना जेवढ्या जोरात टोकायला हवं होतं तेवढं टोकलं नाही.

घर

बारा दिवसांनी काका घरी आले. बार्थेल स्कोअर, म्हणजे रोजची कामं माणूस किती स्वतः करतो याचा शंभरपैकी आकडा, वीस होता. मुलगा-सून कोईमतूरला, मुलगी लग्न होऊन पलूसला. शेजारी थोरल्या जाऊबाईंचं घर आणि त्यांचा सातवीतला नातू. घरात स्मार्टफोन एकच, काकांचा. तो आता काकूंच्या कमरेला. त्या नंबरावरून मी काकूंना ग्रुपमध्ये घेतलं. काकू टाइप करत नाहीत, बोलून पाठवतात. त्यांचा पहिला मेसेज भाकरीबद्दलचा होता.

काकांना अन्नाची नळी काढून तोंडानं खायची परवानगी मिळाली होती. काकू नेहमीसारखी भाकरी आमटीत कुस्करून भरवायच्या, आणि चौथ्या घासाला ठसका. मी शिकवलं होतं : पूर्ण बसवायचं, हनुवटी किंचित खाली, लहान घास, डाव्या गालात. तरी ठसका. ग्रुपमध्ये विचारल्यावर कडेगावकडच्या एका सुनेनं सांगितलं, ‘आमटी पातळ, भाकरी जाड. आमटी आधीच खाली उतरते आणि भाकरी तोंडातच राहते. दोन्ही मिक्सरला फिरवून एकजीव करा, पळीतून पडताना गोळा पडला पाहिजे.’ गिळायच्या त्रासात दोन वेगवेगळ्या जाडीचं अन्न एकत्र देणं सगळ्यात वाईट, हे पुस्तकात मी वाचलेलं आहे. पण मी काकूंना ‘मऊ अन्न द्या’ एवढंच सांगितलं होतं, आणि आमच्याकडं मऊ अन्न म्हणजे आमटीत कुस्करलेली भाकरी. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे अशा पेशंटांच्या मृत्यूचं एक मोठं कारण आहे, त्यामुळं ही सूचना किरकोळ नव्हती.

असंच पुष्कळ. प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून खाली बादली. शर्ट घालताना आजारी हात आधी, काढताना शेवटी. आजारी हाताला धरून उठवायचं नाही, खांदा उतरतो. हे शेवटचं मी तीनदा सांगितलं होतं. पण ‘मी तसं ओढलं आणि सहा महिने खांद्याच्या दुखण्यानं आमच्या सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं’ असं एकीनं सांगितल्यावर ते काकूंच्या हातात उतरलं.

गोळ्या

सहाव्या आठवड्यात ग्रुपमध्ये एकानं कर्नाटकातल्या कुठल्याशा गावच्या तेल-पावडरीची माहिती टाकली. त्याच्या वडिलांना तीन आठवड्यांत गुण आला होता. तो खोटं बोलत नव्हता. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू स्वतःहून बराचसा सावरतो, त्या काळात जे काही चालू असेल त्याला श्रेय मिळतं : तेलाला, पारव्याच्या रक्ताला आणि खरं सांगायचं तर मलाही. अडचण तेलाची नव्हती. ‘यासोबत इंग्रजी गोळ्या बंद’ या पथ्याची होती. काकूंच्या दिरांनी गाडी काढली, दोघांना नेऊन आणलं. त्या आठवड्यात माझ्या दोन फेऱ्या चुकल्या होत्या. गेले तेव्हा प्रेशर १८८/१०४, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांची पाकिटं नऊ दिवसांपासून तशीच.

मी वीस मिनिटं बोलले. काकू ‘बरं, बरं’ म्हणत होत्या. ते ‘बरं’ कसलं असतं हे मला आता ओळखू येतं. संध्याकाळी कुणाचं नाव न घेता मी ग्रुपमध्ये गोळ्यांबद्दल लिहिलं. त्यावर आटपाडी तालुक्यातल्या एका बाईंचा मेसेज आला, पाऊण मिनिटाचा. ‘आमच्या मालकांना पहिल्यांदा गेलं तवा काठीवर देवळापतोर जात हुते. पावडरीपायी गोळ्या सोडल्या. अकराव्या दिवशी दुसऱ्यांदा गेलं. आता चार वर्सं कूस मी बदलतीया.’ काकूंनी त्या रात्री गोळी दिली.

इथं थोडं विषयांतर. घरच्यांना नीट शिकवलं की निम्मं काम झालं, असं मी बरीच वर्षं मानत होते. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० पेशंटांवर नेमकी हीच गोष्ट तपासली गेली आणि २०१७ मध्ये निकाल छापून आला : घरच्यांना व्यायाम शिकवून सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत फरक पडला नाही. पचवायला जड गेलं. २०२३ मध्ये आणखी एक मोठा भारतीय अभ्यास आला. ४२९८ पेशंट, ३१ केंद्रं, बारा भाषांत मोबाईलवर मेसेज आणि व्हिडिओ. त्यानंही पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी झालं नाही, मात्र लोक गोळ्या जास्त नियमित घेऊ लागले. तेव्हापासून ग्रुपकडून माझी अपेक्षा माफक आहे. पाय उचलायला ग्रुप शिकवत नाही. गोळीचं पाकीट मात्र उघडायला लावू शकतो.

तो मेसेज

तिसरा महिना संपत आला होता. काका धरून उभे राहायला लागले होते, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला सुधारणा दिसत होती. काकूंची अवस्था उलटी. रात्री तीनदा उठायचं, लघवीचं भांडं, ओले कपडे, सकाळी शेळ्या. एका दुपारी त्यांनी परसात उभं राहून ग्रुपवर बोलून पाठवलं. मी ते स्कूटी थांबवून ऐकलं. पार्श्वभूमीला कोंबड्या ओरडत होत्या. काकू रडत नव्हत्या, हिशेब सांगावा तशा बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘देवानं त्याच राती नेलं असतं तर दोघंबी सुटलो असतो.’

अर्ध्या तासात चार उत्तरं आली. तीन बायकांची. एक म्हणाली, ‘मला वाटायचं माझ्याच मनात असं येतं.’ एक फक्त रडली. चौथं उत्तर एका मुलाचं, वडिलांचं करणाऱ्याचं : ‘काकू, असं बोलू नये, पाप लागतं.’ ग्रुप सुरू केल्यापासून एवढं खरं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मनात म्हटलं, यासाठीच हा ग्रुप आहे.

पुढच्या फेरीत काका भिंतीकडं तोंड करून पडलेले. उभं राहायला तयार नाहीत. डाव्या हातानं मला ढकललं. काकू म्हणाल्या, चार दिवस झाले, धड खात नाहीत. मी प्रेशर बघितलं, ताप बघितला, लघवीचा संसर्ग असेल म्हणून तपासणी सांगितली. निघताना थोरल्या जाऊबाईंनी मला गोठ्यापाशी गाठलं. फोन काकांच्या उशाशी चार्जिंगला होता. नातू खेळत होता. त्यानं ग्रुप उघडून एकेक मेसेज दाबून मोठ्यानं ऐकवला. आजीचाही. ‘आजोबांना काय कळतंय’ असं त्याला वाटलं. आपण सगळ्यांनी त्याला तेच तर दाखवलं होतं.

मी त्यानंतर केलेली गोष्ट या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक. घरी पोचायच्या आत, अॅडमिन म्हणून, मी तो मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकला. काकूंना फोन केला नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की आपण मनातलं बोललो आणि मॅडमनी ते पुसलं. वर त्या मुलाचं ‘पाप लागतं’ तसंच राहिलेलं. काकू ग्रुपमधून बाहेर पडल्या. मी गेले की चहा द्यायच्या, बोलायच्या नाहीत.

दुरुस्ती

दुरुस्ती माझ्याकडून कमी आणि आटपाडीच्या त्या बाईंकडून जास्त झाली. त्यांनी ग्रुपमधून नंबर घेऊन काकूंना रोज दुपारी अडीचला साधा फोन लावायला सुरुवात केली. काय बोलायच्या ते मला माहीत नाही. दोघींनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

साधारण पंधरा दिवसांनी काकूंनी स्वतः काकांना विचारलं, ‘तुमी ऐकलंसा का?’ हे त्यांनी मला बऱ्याच नंतर सांगितलं. काका खूप वेळ गप्प. मग डावा हात स्वतःच्या छातीवर आपटला आणि म्हणाले, ‘मी... मी... मी.’ ज्याची वाचा गेलीय त्याच्या ‘मी’चा अर्थ लावताना मी सावध असते. काकूंना शंका नव्हती. ‘म्हणजे ह्यांनाबी तसंच वाटत हुतं. दोघं एकाच खोलीत, एकच बोलत हुतो मनात.’

मी ते ऐकून त्याच आठवड्यात दोघांना सांगलीला मनोविकारतज्ज्ञांकडं पाठवलं. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. बोलता न येणाऱ्यांत ते ओळखायला उशीर होतो, कारण आम्ही ‘काय वाटतंय?’ असं तोंडी विचारतो. काकांना गोळ्या सुरू झाल्या. काकूंचा झॅरिट स्कोअर काढला. सांभाळणाऱ्या माणसावरचा भार मोजणारे बावीस प्रश्न, जास्तीत जास्त ८८. त्यांचा ६३ आला. प्रश्न मी वाचत होते, एकेका प्रश्नाला काकू विचारायच्या, ‘हे पुस्तकात हाय?’ पुस्तकात आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

ग्रुप मी तोडला. पेशंटांचे व्यायाम आणि सांभाळणाऱ्यांचं मनातलं बोलणं एकाच ठिकाणी ठेवणं ही सोय माझी होती, त्यांची नव्हती. सांभाळणाऱ्यांचा वेगळा ग्रुप झाला. त्यात मेसेज चोवीस तासांनी आपोआप जातील अशी सोय चालू केली. बोलून पाठवलेलं इअरफोन लावूनच ऐकायचं. फोन पेशंटाच्या उशाशी ठेवायचा नाही. कुणी ‘असं बोलू नये’ म्हणायचं नाही. जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं तर मी त्याच दिवशी फोन करणार, आणि टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ग्रुपच्या माहितीत कायम. बायकांनी अजून एक मागणी केली जी मला सुचली नसती : पुरुषांचा वेगळा ग्रुप. सासऱ्याला आंघोळ घालण्याबद्दल दुसऱ्या गावच्या मुलांसमोर कशा बोलणार? पुरुषांचा ग्रुप केला. तो चालत नाही. सकाळी फुलांचे फोटो येतात.

पेशंटांसाठी रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू केला. चार-पाच जण, सगळे वाचा गेलेले. नियम एकच : घरच्यांनी कॅमेऱ्याबाहेर बसायचं आणि त्यांच्या वतीनं बोलायचं नाही. पहिला कॉल भयंकर होता. चाळीस मिनिटांत तीन शब्द. काकू बाहेरून तीनदा ‘सांगा की, सांगा की’ म्हणाल्या. दुसऱ्या वेळी आम्ही भजनानं सुरुवात केली, मग आकडे, मग महिने. तिसऱ्या कॉलला सिकंदराबादचा एक गलाईवाला आला, वर्षभरापूर्वी झटका आलेला, अडखळत का होईना बोलणारा. त्यानं काकांचा धंदा विचारला, काकांनी डाव्या हातानं चिमटा धरल्याची खूण केली. तो हसला आणि त्यानं विचारलं, ‘बावीस कॅरेटचा टंच?’ काकांचं तोंड हललं, बंद झालं, पुन्हा हललं. ‘नऊशे सोळा.’

आता याचं श्रेय कॉलला देऊ का? टंच म्हणजे सोन्याची शुद्धता, बावीस कॅरेटला हजारात नऊशे सोळा. हा आकडा तीस वर्षं घोकलेला, तोंडपाठच्या जवळचा. शिवाय पाचवा महिना चालू होता, मेंदू सावरतच असतो. पण प्रश्न विचारल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून शब्द येणं, हे मी काकांकडून तोवर ऐकलं नव्हतं. पुढच्या फेरीत मी विट्याच्या बाजारातून जुनी मूस आणि चिमटा आणला. चिमटा उजव्या हातात बसला नाही, अजूनही बसत नाही. डाव्या हातानं मूस उजवीकडून डावीकडं ठेवायची, एकेक ठेवताना आकडा म्हणायचा, हा व्यायाम मात्र काका मी न सांगता करतात.

आज

दीड वर्ष झालं. बार्थेल ६५. पायाला पाऊल लोंबू नये म्हणून प्लॅस्टिकचं स्प्लिंट, हातात चौपायी काठी, पारापर्यंत जातात. उजवा हात गेला तो गेलाच. सुटे शब्द चाळीसच्या आसपास, वाक्य नाही. शिव्या कमी झाल्या नाहीत. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी दोनदा हेलपाटा झाला, तिसऱ्यांदा मिळालं. काकूंचा झॅरिट परवा काढला, ४७. कमी म्हणण्यासारखा नाही. मुलगा महिन्यातून चार दिवस येतो, त्या चार दिवसांत काकू माहेरी जाऊन झोपतात. झोपतात एवढंच करतात.

सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात कडेगावची एक नवी सून आली. सासूला वारं गेलेलं, घरी आणून चार दिवस. तिनं एका दमात सतरा प्रश्न विचारले. अडीच वाजता काकूंचं उत्तर आलं, ‘आधी ऐंशी रुपयांचं इअरफोन घे. मग भाकरीचं सांगते.’